बँक ‘सक्सेशन’ मागते तेव्हा: मयताच्या खात्यांसाठी कोर्टात अर्ज कसा करायचा

काउंटरवरून “सक्सेशन सर्टिफिकेट आणा” (म्हणजे मयताचे पैसे वारसांना घेता यावेत म्हणून कोर्ट देते ते वारसा प्रमाणपत्र) एवढे उत्तर मिळाले की बहुतेक घरांतून पहिला फोन वकिलाला जातो. तो जरा थांबवा. निम्म्या वेळा कोर्टाची गरजच नसते. जिथे असते तिथेही कोर्टातले काम पुढे सरकणार की रखडणार, हे दोन याद्यांवर ठरते: मयताचे पैसे कुठे कुठे आहेत आणि मयताचे वारस कोण कोण आहेत. या दोन्ही याद्या पक्क्या असतील तर उरलेला भाग बराचसा तारखांचा आणि सह्यांचा. एकीत जरी भोक असले तरी दोन-दोन वर्षे हेलपाटे घालणारी माणसे प्रत्येक कोर्टाच्या आवारात दिसतात.

मी इथे मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबाचे, मृत्युपत्र नसलेले प्रकरण धरले आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हिंदू वारसा कायदाच लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत अर्जाची पद्धत तीच राहते, वारस कोण आणि हिस्से किती हे मात्र त्यांच्या त्यांच्या कायद्याने ठरते. गोव्याची वाट पूर्ण वेगळी आहे. तिथे 2012 चा स्वतंत्र वारसा कायदा आहे, विशेष नोटरीपुढे वारसाचा दस्त होतो आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरीचे, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करण्याचे, प्रकरण चालते.

आधी बघा, कोर्ट टळते का

खात्याला नॉमिनी, म्हणजे पैसे स्वीकारण्यासाठी खातेदाराने नेमलेला माणूस, असेल तर बँकेने पैसे नॉमिनीला द्यायचे असतात. त्यासाठी कोर्टाचा कागद मागता येत नाही. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा तऱ्हेचे संयुक्त खाते असेल तर मागे राहिलेल्याला पैसे मिळतात. दोन्ही ठिकाणी दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि ओळखीचा पुरावा एवढ्यावर काम व्हायला हवे. अडवणूक झाली तर तोंडी वाद घालू नका. दावा लेखी द्या, पोच घ्या आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या म्हणा. या एका वाक्याने पुष्कळ कामे मार्गी लागतात.

नॉमिनीला पैसे मिळाले म्हणजे तो मालक झाला, असे मात्र नाही. तो इतर वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे 1984 मध्येच सांगितले होते. कंपनीच्या शेअर्सबाबत उरलेली शंका 14 डिसेंबर 2023 च्या निकालाने मिटली. तो वाद ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला होता. नॉमिनी असलेल्या भावाने “आता माझेच” म्हटले तर बाकीच्यांना दिवाणी दाव्याची वाट मोकळी असते.

नॉमिनी नाही आणि खाते एकट्याचे आहे, तरीही रकमेकडे पाहा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी एकत्रित निर्देश काढले आणि ते 31 मार्च 2026 पर्यंत अमलात आणायला बँकांना सांगितले. त्यानुसार सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतचा दावा सोप्या पद्धतीने निकाली काढायचा आहे. वाटल्यास बँक ही मर्यादा वाढवू शकते. वारसांत वाद नसेल तर नुकसानभरपाईचा बाँड, न मागणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारसांबद्दलचा पुरावा एवढ्यावर पैसे मिळतात. सगळे कागद पोचल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली निघाला नाही तर बँकेला विलंबाबद्दल रिझर्व्ह बँकेचा ‘बँक रेट’ अधिक 4 टक्के या वार्षिक दराने भरपाई द्यावी लागते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून निर्देशांची छापील प्रत जवळ ठेवा.

पोस्टाचे नियम निराळे. नामनिर्देशन नसेल तर मृत्यूनंतर सहा महिन्यांनी 5 लाखांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या कागदाशिवाय मिळू शकते. डीमॅटमधल्या शेअर्ससाठी सोप्या कागदपत्रांची मर्यादा 15 लाख आहे. पतसंस्थेला यांपैकी काहीच लागू नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तेव्हा संस्थेचे उपविधी मागून वाचा.

कोर्टाची वाट धरावी लागते ती रक्कम मर्यादेबाहेर असेल आणि बँक प्रमाणपत्रावर अडून बसली असेल तेव्हा, किंवा वारसांपैकी कोणी सही देत नसेल, बेपत्ता असेल, भांडत असेल तेव्हा.

कोणता कागद कशाला चालतो

इथे मोठा गोंधळ असतो आणि सल्लागारही तो वाढवतात. तलाठ्याकडची वारस नोंद ही सातबाऱ्यासाठी असते, बँकेच्या ठेवीवर तिचा काही अधिकार चालत नाही. ‘वारस दाखला’ कोर्टातूनच मिळतो, पण तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली आणि मुख्यतः घर-जमिनीसाठी वापरला जातो. बँकेतली रक्कम, ठेवी, शेअर, रोखे यांच्यासाठी लागते ते वारसा प्रमाणपत्र, म्हणजेच सक्सेशन सर्टिफिकेट. ते भारतीय वारसा कायदा 1925 च्या कलम 370 ते 390 खाली मिळते. नाव जवळजवळ सारखे असल्याने अर्ज भलत्याच कायद्याखाली टाकला जातो आणि बँक तो दाखला परत करते. आपण कशाखाली अर्ज करतोय हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

मृत्युपत्र असेल तर ते वकिलापुढे आधी ठेवा, कारण मग प्रोबेटचा, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेण्याचा, विचार करावा लागतो. मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने याच वारसा कायद्याचे कलम 213 वगळल्यामुळे ती सक्ती उरलेली नाही. तरीही मृत्युपत्रावर वाद असेल तर प्रोबेट घेणेच शहाणपणाचे ठरते.

लॉकरबद्दल सांगायलाच हवे. वारसा प्रमाणपत्र मयताचे येणे आणि त्याचे रोखे यांच्यापुरते असते. लॉकरमधले दागिने यांत बसत नाहीत. अर्जाच्या परिशिष्टात ‘लॉकरमधील सोने’ असे लिहून आणले तर कोर्ट ते खोडायला लावते. लॉकरसाठी बँकेची स्वतंत्र दावा पद्धत आहे, ती आधी आजमावा.

पहिली यादी: पैसे

पासबुके आणि ठेव पावत्या कपाटात सापडतील तेवढ्याच आहेत असे धरून चालू नका. गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणे आणि त्यासोबतचे वार्षिक माहिती विवरण काढा. कोणत्या बँकेने किती व्याज दिले ते तिथे दिसते. मोबाइलमधले जुने मेसेज, पेन्शन ज्या खात्यात जमा होते ते खाते, विम्याचा हप्ता कुठून जातो, डीमॅटला कोणते खाते जोडले आहे, हे सगळे पाहा. दहा वर्षे हात न लागलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात. तिच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून अशी बेवारस ठेव शोधता येते. रक्कम निधीत गेली तरी वारसांचा हक्क जात नाही, दावा आपल्या बँकेकडेच करायचा असतो.

नंतर प्रत्येक बँकेकडून लेखी पत्र घ्या. त्यात खात्याचा किंवा पावतीचा क्रमांक, शाखा, मृत्यूच्या तारखेची शिल्लक, आजची शिल्लक, नॉमिनी आहे की नाही आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी वारसा प्रमाणपत्र सादर करावे’ हे वाक्य हवे. या पत्राशिवाय अर्ज टाकला तर कोर्ट “बँकेचे पत्र कुठे आहे?” म्हणून तारीख देते.

मधल्या काळात मयताच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. पिन घरात सगळ्यांना माहीत असतो, दवाखान्याचे बिल बाकी असते, मोह समजू शकतो. पण खात्याच्या उताऱ्यावर मृत्यूनंतरची प्रत्येक उचल तारखेसकट दिसते आणि वारसांत कुरबूर झाली की हरकत घेणाऱ्याचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो. पेन्शन खाते असेल तर बँकेला मृत्यू लगेच कळवा, जास्तीचे आलेले पेन्शन परत करावेच लागते.

मुदत ठेवीसाठी घाई नको. ती मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते. ठेवीदार गेल्यावर वारसांनी ती मुदतीआधी मोडली तरी दंड आकारायचा नसतो.

दुसरी यादी: माणसे

हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर वर्ग एकचे वारस एकाच वेळी, सारख्या हिश्शाने येतात: विधवा, मुलगे, मुली आणि आई. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले आणि वारलेल्या मुलाची विधवा मिळून त्या मुलाचा किंवा मुलीचा हिस्सा घेतात.

सर्वांत जास्त वेळा सुटते ती आई. म्हातारी गावी धाकट्या मुलाकडे असते, तिचे नाव या घराच्या रेशनकार्डावर नसते आणि “आईला काय करायचेत पैसे” म्हणून अर्जात ती येतच नाही. पुढे हे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होण्याचे ते थेट कारण आहे. वडील मात्र वर्ग एकमध्ये नाहीत, हे ऐकून लोक चमकतात. लग्न होऊन गेलेल्या मुली वगळणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. लग्नात दिले-घेतले असले तरी वारसा हक्क जात नाही. पहिल्या बायकोपासूनची मुले, दत्तक मुले आणि रद्दबातल विवाहातून झालेली मुले, सगळी नावे वकिलाला सांगा. काय लिहायचे ते तो ठरवील, पण त्याच्यापासून लपवू नका.

बाई गेल्या असतील तर क्रम बदलतो. पहिले वारस मुले आणि नवरा. मूलबाळ नसेल तर पैसा कुठून आला हा प्रश्न येतो. आई-वडिलांकडून वारसाने मिळालेला पैसा तिच्या वडिलांच्या वारसांकडे जातो, नवरा हयात असला तरी. अशा प्रकरणात माहेरच्यांना नोटीस न देता अर्ज टाकणे म्हणजे हरकत ओढवून घेणे.

वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तयार करताना प्रत्येकाचे नाव आधार कार्डाशी जुळवून घ्या. पासबुकात ‘डी. एस. पाटील’, मृत्यू दाखल्यावर ‘दत्तात्रय सखाराम पाटील’, ठेव पावतीवर ‘दत्तू सखाराम पाटील’ असे तीन अवतार एकाच माणसाचे असतात. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे अर्जातच ‘उर्फ’ लावून मांडा आणि प्रमाणपत्रात सगळी रूपे यावीत अशी मागणी करा. प्रमाणपत्रावर एकच रूप आले तर बँक ते परत करते आणि दुरुस्तीचा अर्ज करण्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

अर्ज कुठे करायचा

मयत मृत्यूसमयी जिथे कायम राहत होता, तिथले कोर्ट. बँक कुठे आहे याला महत्त्व नाही. नाशिकला राहणाऱ्या माणसाची ठेव बंगळुरूच्या शाखेत असली तरी अर्ज नाशिकलाच होतो आणि मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालते. ठराविक निवासस्थान नसेल तरच मालमत्ता जिथे आहे ते कोर्ट. कायद्यात जिल्हा न्यायाधीश म्हटले असले तरी महाराष्ट्रात ही कामे सहसा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. मुंबई शहरासाठी उच्च न्यायालयाच्या वारसाविषयक विभागात याचिका दाखल होते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या किती बायका हे न कळल्यामुळे दागिने मोडून फी भरतात.

अर्जात काय लिहायचे

कलम 372 ने मजकूर ठरवून दिला आहे: मृत्यूची वेळ, मयताचे राहते ठिकाण, कुटुंबीय व जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते, अर्जदार कोणत्या हक्काने मागतो, प्रमाणपत्र द्यायला कायद्याची आडकाठी नाही हे विधान आणि ज्या रकमांसाठी प्रमाणपत्र हवे त्यांची यादी. शेवटी सत्यापन, म्हणजे लिहिलेले खरे असल्याचे सहीनिशी विधान. खोटे लिहिले तर तो गुन्हा होतो.

एक उदाहरण घेऊ. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक वारले. मागे पत्नी, पुण्यात मुलगा, कोल्हापुरात मुलगी आणि गावी आई. राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवी मिळून 22 लाख, पोस्टात 4 लाख, पतसंस्थेत 3 लाख. कुठेच नॉमिनी नाही. पोस्टाचे काम कोर्टाशिवाय होण्याजोगे आहे. पतसंस्था उपविधींनुसार बाँडवर पैसे द्यायला तयार झाली. मग कोर्टात फक्त 22 लाखांसाठी जायचे. कायदा ठराविक येण्यापुरताच, किंबहुना त्याच्या काही भागापुरताही अर्ज करू देतो आणि कोर्ट फी यादीतल्या रकमेवर लागते. सगळ्या रकमा सरसकट यादीत घालणे म्हणजे विनाकारण फी भरणे.

अर्जातला कळीचा परिच्छेद साधारण असा असतो:

“अर्जदार क्र. 1 ही मयताची विधवा पत्नी, अर्जदार क्र. 2 मुलगा, अर्जदार क्र. 3 विवाहित मुलगी व अर्जदार क्र. 4 मयताची आई आहे. यांव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाहीत. मयताने मृत्युपत्र केलेले नाही. परिशिष्टात नमूद रकमांबाबत यापूर्वी कोणत्याही न्यायालयात अर्ज केलेला नाही किंवा प्रमाणपत्र मिळालेले नाही.”

आणि परिशिष्टातली एक ओळ अशी:

“मुदत ठेव पावती क्र. …, शाखा …, मूळ रक्कम ₹6,00,000, मुदतपूर्ती दि. …, बँकेच्या दि. … च्या पत्रानुसार देय ₹7,14,350, अधिक प्रत्यक्ष अदा होईपर्यंतचे व्याज.”

शेवटचे पाच शब्द सोडू नका. अर्जापासून हुकुमापर्यंत महिने जातात, ठेवीवर व्याज चढते आणि प्रमाणपत्रात नुसता आकडा असेल तर बँक तेवढेच देऊन वरच्या रकमेसाठी अडते. प्रमाणपत्राने व्याज स्वीकारण्याचा अधिकार देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती मागावी लागते.

अर्ज सगळ्यांनी मिळून करावा की एकाने? सगळे राजी असतील तर एकत्र करा आणि पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे अर्जातच मागा: सर्वांतर्फे एकाच्या, की प्रत्येकाच्या नावे हिश्शाप्रमाणे. मी दुसऱ्याकडे झुकतो. एकाच्या खात्यात सगळी रक्कम गेली की नंतरच्या वाटपावर घरात अबोला येतो, हे वारंवार दिसते. बँकेला एकाच खात्यात देणे सोयीचे पडते हे खरे, पण बँकेची सोय ही तुमची अडचण नाही.

बहिणीने “मला काही नको, दादालाच द्या” म्हटले तर तिच्याकडून ना-हरकत प्रतिज्ञापत्र घेतले जाते आणि पुष्कळांना वाटते, हक्क सुटला. ना-हरकत म्हणजे दादाने पैसे उचलायला हरकत नाही, एवढेच. हिस्सा खरोखर सोडायचा असेल तर तसे स्पष्ट शब्दांत वेगळे लिहून घ्यावे लागते आणि बहिणीने ते वाचून, समजून सही करावी. सहीपूर्वी तिला एकटीला वकिलाशी बोलू द्या.

अर्जासोबत लागतात: मृत्यू दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, सगळ्या वारसांचे आधार, रेशनकार्ड, बँकेची पत्रे, पावत्यांच्या प्रती, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र. मृत्यू दाखल्याच्या प्रती महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून एकदम जास्त घेऊन ठेवा. मूळ पावत्या घरीच सुरक्षित राहू द्या, साक्षीच्या दिवशी दाखवायला न्या.

कोर्ट फी

रकमेच्या प्रमाणात फी लागते आणि तिला कमाल मर्यादा आहे. आकडा वकिलाकडून लेखी काढून घ्या, कारण ‘फी’ म्हणून सांगितलेल्या एकाच रकमेत कोर्टाची फी, वर्तमानपत्राचा खर्च आणि वकिलाची फी मिसळलेली असते. कलम 379 प्रमाणे फीइतकी रक्कम अर्जासोबत जमा करायची असते. अर्ज मंजूर झाला की त्यातून स्टॅम्प घेतला जातो, फेटाळला गेला तर रक्कम परत मिळते. महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ असते असे सर्रास सांगितले जाते. ती माफी ठराविक प्रकारच्या प्रकरणांपुरती आहे, वारसा प्रमाणपत्राला ती लागू होईलच असे धरून बजेट बांधू नका.

नोटीस, तारखा आणि साक्ष

अर्ज तपासून झाला की त्याला किरकोळ दिवाणी अर्ज म्हणून नंबर पडतो. सोबत मिळणारा सीएनआर क्रमांक जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले ते घरबसल्या दिसते. “वकील फोन उचलत नाहीत” या दुखण्यावरचा हाच उपाय.

नंतर कोर्ट नोटीस काढते. अर्जात सामील नसलेल्या वारसांना ती व्यक्तिशः जाते, कोर्टाच्या फलकावर लागते आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते. ‘कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत या न्यायालयात मांडावी’ असा तिचा साचा. पत्ते चुकीचे दिले तर बेलीफ नोटीस परत आणतो आणि तारीख पुढे जाते. गावी राहणाऱ्याचा पत्ता देताना वाडी, वस्ती, पोस्ट, पिनकोड सगळे लिहा. वर्तमानपत्र छापून आले की पूर्ण पान जपा, कात्रण चालत नाही असे सांगणारे कारकून भेटतात.

मुदत संपली, हरकत आली नाही, की साक्ष. बहुतेकदा सरतपासणीचे, म्हणजे अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र दाखल होते, मूळ कागद दाखवून त्यांना निशाणी क्रमांक पडतात आणि न्यायाधीश दोन-चार प्रश्न विचारतात. मयत केव्हा वारले, मुले किती, मृत्युपत्र केले होते का. पुकारा झाला की अर्जदाराने स्वतः हजर असावे. घाबरण्यासारखे काही नसते. म्हाताऱ्या आईला कोर्टात आणणे कठीण असेल तर वकिलाला आधीच सांगा, त्यावर तोड निघते.

परदेशातल्या वारसाला दर तारखेला यावे लागत नाही. तो तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरी व अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाचा सरकारी शिक्का) करून मुखत्यारपत्र पाठवू शकतो. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे, हे लिफाफा उघडतानाच लक्षात ठेवा.

हरकत आली तर

हरकत आली म्हणजे सगळे बुडाले असे नाही. ही चौकशी संक्षिप्त असते. प्रश्न फार गुंतागुंतीचा असेल तर ज्याचा हक्क प्रथमदर्शनी सर्वांत बळकट दिसतो त्याला प्रमाणपत्र देण्याची मुभा कोर्टाला आहे, मात्र अशा वेळी त्याच्याकडून जामीन घेतला जातो. मालकीचा अंतिम निर्णय इथे होत नाही. हरलेल्याला स्वतंत्र दावा करता येतो आणि प्रमाणपत्र मिळाले तरी घेणारा इतर वारसांना त्यांचा हिस्सा द्यायला बांधील राहतो. भांडण हिश्शाचे असेल तर कोर्टाबाहेर बसून टक्केवारी ठरवून तडजोड दाखल करणे स्वस्त पडते. भांडण माणूस वारस आहे की नाही याचे असेल, जसे दुसरे लग्न किंवा दत्तक, तर लांबण्याची तयारी ठेवा.

अज्ञान मुले असतील तर त्यांचा हिस्सा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांच्या नावे ठेवीत ठेवण्याचा हुकूम कोर्ट बहुधा करते. आईला शिक्षणासाठी व्याज हवे असेल तर ते त्याच अर्जात मागावे.

हुकुमानंतर

निकाल लागला की हातात लगेच प्रमाणपत्र येत नाही. स्टॅम्प, कोर्टाने मागितला असेल तर जामीन किंवा बाँड, मग प्रमाणपत्राचा मसुदा. हा मसुदा टाइप होताना वकिलाच्या शेजारी बसा. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तरी बँक ते परत करते. शाखा, पावती क्रमांक, नावांची सगळी रूपे, व्याजाची ओळ, सगळे मूळ पत्राशी ताडून पाहा. प्रमाणित प्रती नक्कल विभागातून बँकांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त काढा.

बँकेत प्रत देऊन पोच घ्या. प्रमाणपत्रावर विसंबून सद्भावनेने पैसे देणाऱ्या बँकेला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, मग तिने वर आणखी बाँड-जामीन मागायचे कारण उरत नाही. मागितला तर कलम 381 दाखवा. भारतात मृत्यू कर 1985 पासून नाही, त्यामुळे वारसाने मिळालेल्या रकमेवर कर लागत नाही. मृत्यूनंतर साचलेले व्याज मात्र ज्याच्या हिश्शात येते त्याच्या उत्पन्नात धरले जाते. पैसे एकाच्या हाती आले असतील तर वाटप बँक खात्यातूनच करा आणि प्रत्येकाकडून सहीची पावती घ्या.

सगळे आटोपल्यावर एखादी जुनी पावती हिशेबाच्या वहीत सापडते. त्यासाठी अर्ज नव्याने उभा करायचा नसतो. कलम 376 खाली आहे त्याच प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो. ती रक्कम मूळ यादीत धरली आहे असे समजून त्याच कोर्टात लहानसा अर्ज, बँकेचे नवे पत्र आणि वाढीव रकमेची फी एवढे पुरते.